धाकट्याचं बोलणं

हसण्याचा आवाज आला तेव्हा तिची पाठ पडद्याकडे होती. ती फळ्यावर 'उपसंस्कृती' हा शब्द लिहीत होती आणि मधल्या 'स्कृ'पाशी खडू थांबला. ते हसणं वरून सुरू होऊन खाली घसरलं आणि तळाशी गेल्यावर गंजलेली बिजागरी करकरावी तसं पुन्हा वर चढलं. असं हसणारा माणूस तिला एकच माहीत होता आणि तो जाऊन तीन वर्षं झाली होती. वळायच्या आधीच्या त्या क्षणात तिच्या मनात एवढंच आलं, की पाहुणे बसलेत, याला कुणीतरी हळू म्हणा. मग ती वळली. खिडक्यांचे पडदे ओढलेल्या वर्गात समोरच्या पांढऱ्या कापडावर तिचा धाकटा भाऊ खुर्चीवर चढून उभा होता, आणि त्याचे दोन्ही हात बोलत होते. दुसरा शब्द तिला सुचेना. बोटं उघडत होती, मिटत होती, हवेतून काहीतरी उचलून टेबलावर ठेवत होती, भुवया वर जात होत्या, गाल फुगत होते. त्याच्याभोवती बसलेली माणसं टेबलावर थापा मारून, पाय आपटून हसत होती. आणि या सगळ्यावर एका बाईचा शांत, कमावलेला आवाज सांगत होता, 'कर्णबधिरांच्या या उपसंस्कृतीत कथनकाराला मानाचं स्थान असतं. हावभाव, अतिशयोक्ती आणि नक्कल ही त्याची साधनं.' खाली अक्षरं उमटत नव्हती. आधीच्या मुलाखतींना प्रत्येक वाक्याखाली अक्षरं होती, इथं मात्र तो काय बोलतोय ते सांगायची गरज कुणाला वाटली नव्हती. वर्ग हसत होता. मुलं चांगल्या मनानं हसत होती, तो होताच तसा गमतीशीर. ती दिवा लावायला म्हणून दोन पावलं पुढे आली आणि प्रोजेक्टरच्या झोतात सापडली, तेव्हा धाकट्याचा उजवा हात तिच्या खांद्यावर पडला, मोठा, रंगीत, वजन नसलेला. ती तिथंच उभी राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, दिसत नाहीये." ती बाजूला झाली. तेवढ्यात चित्र बदललं होतं.

प्रथम वर्षाच्या मुलांना समाजशास्त्राची ओळख करून द्यायची, आणि त्यात उपसंस्कृतीचं प्रकरण आलं की चित्रपट दाखवायचा, हा तिचा जुना शिरस्ता. आजवर ती मोटरसायकलवाल्यांच्या एका टोळीवरचा माहितीपट दाखवायची. त्यांची जाकिटं, त्यांची शपथ, त्यांचे आतल्या गोटातले शब्द. मुलं परीक्षेत फक्त जाकिटांबद्दल लिहायची. या वर्षी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं एक नवी फिल्म आणून दिली. "ही लावा यंदा. बहिऱ्यांच्या क्लबवर आहे, आपल्याच शहरातल्या. तुमचे मोटरसायकलवाले आता आजोबा झाले असतील." तिनं आदल्या संध्याकाळी सुरुवातीचा भाग पाहिला होता, मग आईला खोकल्याची उबळ आली आणि राहूनच गेलं. आपल्याच शहरातला बहिऱ्यांचा क्लब म्हटल्यावरही तिच्या मनात काही हललं नव्हतं, याचं तिला आता नवल वाटत होतं. धाकटा बहिरा होता, पण तो 'बहिऱ्यांतला' असेल हे कधी डोक्यात आलंच नव्हतं. तो घरातला होता. सहकाऱ्याला तर तिला भाऊ होता हेसुद्धा ठाऊक नव्हतं. घरी कोण कोण असतं, असं कुणी विचारलं तर ती सांगायची, आई आणि मी. तो होता तेव्हाही, घाईत असली तर, असंच सांगायची.

दिवे लागले. मुलं डोळे चोळत, वह्या सावरत सरळ बसली. तिनं ठरलेले प्रश्न विचारले आणि ठरलेली उत्तरं आली, भाषा, संकेत, आपण आणि ते. पुढच्या बाकावरचा चष्मेवाला, जो प्रत्येक तासाला एक तरी हरकत घेतल्याशिवाय राहत नसे, तो उभा राहिला. "पण मॅडम, ही उपसंस्कृती कशी? मोटरसायकल माणूस आपणहून घेतो. बहिरेपण कुणी निवडत नाही."

"बहिरेपण निवडत नाहीत," ती म्हणाली, "पण एकत्र येणं निवडतात." पुस्तकातलं वाक्य होतं. तोंडातून आपोआप आलं.

"आणि यांचे घरचे?" खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली. ही सहसा बोलत नसे. "म्हणजे घरच्यांना ऐकू येत असणार ना. त्यांना ही हातांची भाषा येते का?"

"बहुतेक घरांत येत नाही."

"मग ते जेवताना काय बोलतात?"

प्रश्नात खोच नव्हती, मुलीला खरंच कुतूहल वाटलं होतं. उत्तरादाखल तिनं डस्टर उचललं आणि फळा पुसायला घेतला, तास संपायला अजून अवकाश होता तरी.

जेवताना काय बोलायचे? चौघं असायची तेव्हा बाबा ऑफिसातलं सांगायचे. साहेबाची नक्कल करायचे, आईला ठसका लागेपर्यंत हसवायचे. ती शाळेतलं, मग कॉलेजातलं सांगायची. धाकटा चौथ्या खुर्चीवर बसून सगळ्यांच्या तोंडांकडे पाहायचा, टेबल टेनिसच्या सामन्यात बघे मान फिरवतात तसा. सगळे हसले की तोही हसायचा, अर्धा क्षण उशिरा, आणि मग सगळे थांबल्यावरही त्याचं हसणं एकटंच चालू राहायचं, बिजागरीसारखं, तेव्हा आई ओठांवर बोट ठेवायची. हळू. डॉक्टरांनी आईला एकदाच सांगितलं होतं आणि आईनं ते काळ्या दगडावरची रेघ मानलं होतं. हातवारे करू द्याल तर हा जन्मात बोलणार नाही. त्यामुळे घरात हातांना बंदी होती. त्यानं तांब्याकडे बोट दाखवलं की आई त्याचा हात खाली दाबायची आणि स्वतःच्या गळ्यावर त्याची बोटं ठेवून म्हणायची, पाणी. पा-णी. शाळेत बाई 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हणायच्या तेव्हा बाकीच्यांची तोंडं बंद व्हायची. याचं तोंड बोटामुळे बंद होत नसे, हाताच्या घडीनं व्हायचं. हे आता, बसथांब्यावर उभी असताना, रहदारीचा आवाज अंगावर घेत, तिच्या लक्षात आलं. सगळ्या कष्टांचं फळ म्हणून त्याला आयुष्यभरात मूठभर शब्द आले होते, आई, पाणी, भूक, हो, नको, काम. बाबा म्हणायचे, बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा विकत नाहीत, आणि मग स्वतःच गप्प व्हायचे. पुढे धाकटा एका छापखान्यात बांधणी खात्यात लागला, यंत्रांच्या ज्या खडखडाटानं इतरांचे कान किटायचे तिथं तो निवांत काम करायचा. दर शनिवारी संध्याकाळी तो धुतलेला शर्ट घालून, केस ओले करून बाहेर पडायचा. कुठे, असं आईनं ओठांनी विचारलं की म्हणायचा, काम. 'काम' या एका शब्दात त्यानं घराबाहेरचं सगळं जग कोंबलं होतं. कॅरम खेळत असेल, असं त्या दोघी धरून चालल्या होत्या. छापखान्यातच त्याचं हृदय थांबलं तेव्हा शेवटच्या निरोपाला दहाबारा अनोळखी माणसं आली, लांब भिंतीशी उभी राहिली आणि त्यांचे हात सारखे चाललेले. मामा पुटपुटले, अशा वेळी तरी थांबवावं की माणसानं. तिलाही तसंच वाटलं होतं. ती माणसं रडताहेत, आणि एकमेकांना काही सांगताहेत, हे आता दिसलं.

घरी आई खिडकीपाशी मटार सोलत बसली होती. "आज उशीर?" आईनं विचारलं. "चेहरा का असा उतरलाय? पोरांनी डोकं खाल्लं का?" "हो," ती म्हणाली. आईला सांगावं का? काय सांगावं? तुझा मुलगा मी मुलांना दाखवला, प्रकरण चौथं म्हणून? आई मटार सोलताना एखादा किडका दाणा निघाला की तो नखानं उडवायची, आणि ती टिचकीसुद्धा आज तिला शब्दासारखी वाटली. तिनं खोलीचं दार लावून घेतलं, कानांत इअरफोनची बोंडं घातली आणि फिल्मचा तो तुकडा पुन्हा लावला. मग पुन्हा. जास्तीत जास्त दोन मिनिटांचा असेल. तो खुर्चीवर चढतो. समोर कुणी बसलं आहे असं दाखवतो. ओठ घट्ट मिटून उघडतो, एकदा, दोनदा, दहादा. एक बोट उभं धरतो आणि त्याच्याकडे टक लावून पाहतो. मग गाल फुगवतो, मग त्याचे हात वर जातात, कुणीतरी कुणाला तरी उचलून गरगर फिरवतं आहे, आणि लोक टेबलं बडवतात. ती समाजशास्त्र शिकवत आली होती, चिन्ह आणि अर्थ या विषयावर तिचा एक निबंधही छापून आला होता, आणि या दोन मिनिटांतलं तिला ओ का ठो कळत नव्हतं. तिला त्या निवेदन करणाऱ्या बाईचा राग आला. मग वाटलं, ही बाई काय वाईट बोलतेय? मी वर्गात बोलते तेच तर बोलतेय. चांगल्या, स्वच्छ शब्दांत. आणि शेजारी माणूस बोलतोय.

सहकाऱ्याकडून पत्ता घेऊन ती शनिवारी गेली. टायरच्या दुकानावरचा पहिला मजला होता. दारावरचं बटण दाबलं तर आत घंटा वाजली नाही, दारावरच्या काचेतून दिसलं की आतले सगळे दिवे एकदम विझले आणि पेटले. दार उघडलं आणि तिला आधी प्रकाशानं दिपायला झालं. इतके दिवे तिनं कुठल्या घरगुती जागेत पाहिले नव्हते. मग आवाज. तिला वाटलं होतं शांतता असेल. इथं खुर्च्या फरफटत होत्या, पावलं धाडधाड आपटत होती, कुणी कुणाला हाक मारायला जमिनीवर पाय मारत होतं, आणि चहूकडून ती सैल, न आवरलेली हसणी येत होती, ज्यांना कुणी हळू म्हटलेलं नव्हतं. ती दारात उभी राहिली. सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळले आणि तिचे हात तिलाच जड झाले, कुठे ठेवावेत कळेना. शेवटी तिनं हाताची घडी घातली.

एक साधारण तिच्याच वयाची बाई उठून आली. "तुम्हाला ऐकू येतं वाटतं," ती हसत म्हणाली. "दारात असं उभं राहिलं की लगेच कळतं. मी दुभाषी. माझे आईवडील दोघंही बहिरे होते, त्यामुळे मी इथलीच. कुणाला भेटायचंय?"

तिनं फोनवरचा धाकट्याचा फोटो पुढे केला. "मी याची बहीण."

दुभाषी बाईनं फोटो पाहिला, मान वळवली आणि खोलीच्या मध्यभागी बसलेल्या एका टकल्या, रुंद खांद्याच्या माणसाला हातांनी काही सांगितलं. हा धाकट्याबरोबर छापखान्यात होता, हे मागाहून कळलं. तो ताडकन उठला. त्यानं तिच्याकडे बोट केलं, मग हाताचा पंजा छातीपासून पुढे, दूर ढकलत नेला, भुवया वर करून. हीच का? टेबलांवरून माना हलल्या. एकदोघांनी तोच पंजा दूर नेला. ओळखीचं काही सापडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यांवर होता.

"काय म्हणताहेत?"

दुभाषी बाई जरा थांबली. "तुमचं नाव. इथं प्रत्येकाला हातांचं एक नाव असतं. यांचं नाव टक्कल. त्या पलीकडच्या काकूंचं वाकडा दात. तुमच्या भावाचं, खुर्चीवर चढणारा. राग नसतो हं त्यात, जे दिसतं ते नाव."

"आणि माझं?"

"नंतर."

"नंतर सांगाल?"

"नाही, नाही. तेच नाव आहे. 'नंतर'."

तिला आठवावं लागलं नाही. जेवणाच्या टेबलावर सगळे हसत असताना तिची बाही ओढली जायची. ती शेजारी बसायची म्हणून तिचीच. काय झालं, काय झालं, असे डोळे. आणि ती, बाबांचं पुढचं वाक्य चुकू नये म्हणून, त्याच्याकडे न वळता पंजा हलवायची, नंतर सांगते. किती लहान होती तेव्हा. आणि मग किती मोठी झाली तरी. टक्कल तिचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवत होता, खरंच आनंदानं, आणि तिला वाटलं, या खोलीत मी कितीतरी वर्षं राहते आहे, माझं नाव आहे, मला बोलण्यात, गोष्टींत घेतलं जातं, आणि मला पत्ताच नाही.

त्यांनी तिला बसवलं, चहा दिला. तिनं टॅबलेटवर तो तुकडा लावला. लगेच पाठीमागे गर्दी झाली, धाकटा खुर्चीवर चढल्याबरोबर लोक हसू लागले, पुढचं सगळ्यांना पाठ होतं. "हे मला हवंय," ती दुभाषी बाईला म्हणाली. "तो काय बोलतोय ते. शब्दन् शब्द."

दुभाषी बाई पडद्याकडे पाहत बोलू लागली, आणि दुभाषी बोलतात तसं, 'मी' म्हणून बोलू लागली. एका अनोळखी बाईच्या तोंडून तिनं भावाचं पहिलं वाक्य ऐकलं. "मी एवढासा होतो. आई समोर बसलेली. मध्ये मेणबत्ती. आई ओठ मिटते आणि उघडते, ज्योत हलते. मला म्हणते, तू कर. मी ओठ मिटतो, उघडतो. ज्योत ढिम्म. आई पुन्हा करते, ज्योत नाचते. मी करतो, ज्योत माझ्याकडे बघत बसते, म्हणते, काय रे, कुणाला शोधतोस? सकाळची दुपार झाली. मला भूक लागली, खाली पोरं चेंडू खेळताहेत, ते खिडकीतून दिसतंय. आईचा चेहरा बघा, असा. मी म्हटलं, गेली खड्ड्यात, आणि केलं फूऽऽ. विझली! आई उठली, मला उचललं, गरगर फिरवलं. बाबा धावत आले. बहीण धावत आली. सगळे नाचताहेत. मी म्हणतो, अरे, मेणबत्ती विझवली तर एवढा आनंद? एवढं सोपं होतं? मग काय, मी दुसऱ्या दिवसापासून जिथं मेणबत्ती दिसेल तिथं फूऽऽ. शेजारच्या पोरीचा वाढदिवस, तिच्या आधी मीच फूऽऽ. पोरगी रडते, तिची आई मला धपाटा घालते, आणि मी वळून माझ्या आईकडे बघतो. बघ! विझवली! आता नाच की!" भोवती हास्याचा स्फोट झाला. दुभाषी बाईसुद्धा हसत होती, 'मी विझवली', 'मी म्हटलं' असं पुरुषाचं बोलणं तिच्या बायकी गळ्यातून सुरळीत येत होतं, आणि मग तिचं लक्ष ऐकणारीच्या चेहऱ्याकडे गेलं आणि ती थांबली.

तो दिवस तिला आठवत होता. 'प' आल्याचा दिवस, 'प' म्हटला की ओठांतून सुटणाऱ्या हवेनं ज्योत हलते, तोच तो धडा. त्या दिवशी दुपारी जेवायला घरी आलेल्या बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, आईनं शेजारपाजारी गोड वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी ती शाळेत मैत्रिणींना सांगत सुटली, माझा भाऊ बोलला. त्यांच्या घरातला सगळ्यांत आनंदाचा दिवस कुठला, असं कुणी विचारलं असतं तर तिनं तोच सांगितला असता. पुढची सगळी वर्षं, गळ्यावरची बोटं, आरसा, दाबलेले हात, सगळं त्या एका दिवसाच्या भरवशावर उभं होतं. एकदा आलाय ना 'प', मग बाकीचंही येईल. आणि तो दिवस या खोलीत दर काही शनिवारी खुर्चीवर चढून विनोद म्हणून सांगितला जात होता. तिला राग यायला हवा होता. पण तिला दिसत राहिलं ते धपाटा खाऊन आईकडे वळणारं तोंड. वाढदिवसाचा तो गोंधळही तिला आठवत होता, आणि आईनं त्याला बखोटीला धरून, माफी मागत, घरी कसं आणलं तेही. का विझवली म्हणून त्याला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी त्यानं काय सांगितलं असतं? भूक? काम?

मधले काही दिवस तिनं आईला काही सांगितलं नाही. तिनं पुढचं प्रकरण शिकवायला घेतलं, कुटुंबसंस्था. खिडकीजवळची मुलगी दोनदा तिच्याकडे पाहून काही विचारणार असं वाटलं आणि विचारलं नाही. घरी ती आईच्या हातांकडे पाहत राहायची. म्हाताऱ्या, फुगलेल्या पेरांच्या हातांनी आई कपड्यांच्या घड्या घालायची, चादरीच्या कडा जुळवायची. याच हातांनी त्याचे हात धरून ठेवले होते. आईनं स्वतःसाठी काय केलं होतं? ती गाणं शिकायची, ते सोडलं. घरातून बाहेर पडणं सोडलं. एका मुलाच्या ओठांतून एक अक्षर काढण्यासाठी तिनं आपली तारुण्यातली वर्षं एका टेबलाशी बसून घालवली. तिला हे दाखवायचं म्हणजे तिच्या आयुष्याचा तेवढाच एक उजेड होता, तोही फुंकून टाकायचा. आणि न दाखवायचं म्हणजे? म्हणजे तो इतकं बोलायचा, इतकं छान बोलायचा, हे आईला कळल्याशिवाय तिनं डोळे मिटायचे. दोन्ही बाजूंनी विचार करून ती थकली. रविवारी दुपारी आई आपणहून म्हणाली, "सांगून टाक काय ते. आठवडाभर माझ्याभोवती मांजरीसारखी घुटमळते आहेस."

"आई, धाकट्याची एक फिल्म सापडली आहे."

"कुणाच्या लग्नातली?"

"नाही. त्याच्या क्लबातली. शनिवारी जायचा ना, तिथली."

आईनं चष्मा पुसला, लावला, पुन्हा काढून पुसला. तिनं टॅबलेट आईच्या मांडीवर उशी ठेवून तिच्यावर टेकवला. धाकटा खुर्चीवर चढला. आई पुढे वाकली. काही वेळानं म्हणाली, "केस कापायला झाले होते बघ त्याचे." मग, "ही बाई कोण मध्येमध्ये बडबडतेय? बंद कर तिला." तिनं आवाज बंद केला. खोलीत एकदम शांत झालं आणि त्या शांततेत धाकट्याचे हात चालत राहिले. आता निवेदन नव्हतं, हसू नव्हतं, काही नव्हतं, तो आणि त्याचे हात. आईचे ओठ किंचित उघडे होते. "किती बोलतोय गं," ती म्हणाली. "माझा सोन्या किती बोलतोय. थांबतच नाहीये." तुकडा संपला. "परत लाव." तिनं परत लावला. आई यावेळी हातांकडे पाहत नव्हती, भोवतीच्या माणसांकडे पाहत होती, त्यांच्या वासलेल्या तोंडांकडे, टेबलावर पडणाऱ्या थापांकडे. "हसताहेत," ती म्हणाली. "कशाला हसताहेत?"

"गोष्ट सांगतोय तो. गमतीची."

"कसली?"

खोटं सांगायला एक क्षण पुरला असता. छापखान्यातली, साहेबाची, कुठलीही. बाबा सांगायचे तसली एखादी. आई चष्म्यातून तिच्याकडे पाहत होती, आणि त्या डोळ्यांत तिला बाही ओढणारे ते डोळे दिसले.

"तू त्याला 'प' शिकवायचीस त्याची," ती म्हणाली. "मेणबत्तीची." आणि मग थांबता येईना म्हणून तिनं सगळं सांगितलं, त्यानं सांगितलं तसंच, भूक, चेंडू, फूऽऽ, गरगर, वाढदिवस, धपाटा. सांगताना तिच्या लक्षात आलं की तिचेही हात हलताहेत, उगाच, अर्थ नसलेले. ती म्हणाली, "त्याला वाटलं, मेणबत्ती विझवली म्हणून तू खूश झालीस. 'प' म्हणाला नव्हता गं तो. नुसतं फुंकलं होतं." आणि खाली पाहत राहिली.

पडद्यावर धाकट्याचे हात वर गेले होते, तिथंच चित्र थांबवलेलं होतं.

"मला माहीत होतं," आई म्हणाली.

"काय?"

"फुंकलं होतं ते. 'प'नं ज्योत हलते, विझत नाही. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मला करून दाखवलं होतं. मला कळणार नाही होय?" ती हातानं उशीची सुरकुती सारखी करत होती. "सकाळपासून बसला होता पोर. डोळे भरून आले होते त्याचे, पण रडत नव्हता, मला बरं वाटावं म्हणून आपला ओठ मिटत होता, उघडत होता. मी मनात म्हटलं, पुरे झालं. आज काहीही कर, मी तुला पास करते. आणि त्यानं फुंकलं. मग मी ओरडलेच. तुझे बाबा धावत आले, त्यांना खरं वाटलं. त्यांचा चेहरा बघून मला सांगवेना. मग तुम्ही सगळे नाचायला लागलात."

"बाबांना कधीच सांगितलं नाहीस?"

"नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मेणबत्ती लावून बसलेच की मी. त्यांना वाटायचं, आता 'फ' शिकवते आहे."

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पीं पीं बराच वेळ चालली. ती ऐकत राहिली. धाकटा आयुष्यभर सांगत राहिला की आई फसली, आणि लोक हसत राहिले, आणि तोही.

"पण त्याला तरी सांगायचंस," ती म्हणाली. तिचा आवाज तिला नको होता तेवढा चढला. "मोठा झाल्यावर. तुला कळलं होतं म्हणून. तू त्याच्यासाठी केलंस म्हणून. एकदा तरी सांगायचंस त्याला."

आईनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, थोडं आश्चर्य होतं, शिकल्यासवरल्या मुलीनं असं काही विचारावं याचं.

"कशात सांगायचं होतं?" ती म्हणाली.

ती आईशेजारी पलंगाच्या कडेवर बसली. आईनं टॅबलेट हळूच उचलून तिच्या हातात दिला, नवजात मूल देतात तसा दोन्ही हातांनी, आणि डोळे पुसले. मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "ती लोकं अजून भेटतात का तिथं?"

"दर शनिवारी."

"तुला ओळखतात?"

"हो. माझं नाव ठेवलंय त्यांनी."

"मग जाशील तेव्हा त्यांना सांग," आई म्हणाली. "आईला माहीत होतं म्हणावं. तो नाही ऐकायला, पण निदान त्याच्या माणसांना तरी कळू दे."